सामानासह पादचारी

मला सायकलवरून पाडायला एक कुत्रा, एक निवृत्त साहेब आणि एक आख्खं सरकारी खातं असे तिघं लागले. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या सोसायटीत ‘मिसेस दाणी आपणहून पडल्या’ अशी एक आवृत्ती अजून फिरते आहे. ती मधुकरनं फिरवली आहे. मधुकर म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला ‘अहो’ म्हणते, पण गोष्ट मी सांगतेय तोवर तो मधुकर.

सायकल मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. त्याआधीचं सगळं आयुष्य मी कुणाच्या तरी मागे किंवा शेजारी बसून काढलं. आधी बाबांची स्कूटर, मग दिराची, मग मधुकरची गाडी. आम्ही कोलकात्याच्या न्यू टाउनला राहायला आलो तर रस्त्याच्या कडेला हिरव्या रंगाची सायकलींसाठी आखलेली पट्टी! मी रविवारी पहाटे तिथं पडत-झडत शिकले आणि एका सोमवारी एकटीच ऑफिसला जाऊन पोचले. सोडायला कोणी नाही, ‘लवकर आटप’ म्हणून हॉर्न मारायला कोणी नाही, ‘परत कधी निघणार’ विचारायला कोणी नाही. मी खुर्चीत बसून थोडी रडले आणि मग जीएसटीचं काम केलं. हसू नका. ज्यांना लहानपणीच सायकल मिळाली त्यांना हे कळायचं नाही.

तर एप्रिलमध्ये आमची हिरवी पट्टी गेली. म्हणजे रंग तिथंच होता, फक्त त्यावर गाड्या उभ्या राहायला लागल्या. आणि फुटपाथवर निळी पाटी आली: एक माणूस, एक सायकल, दोघांच्या मध्ये एक हसरा सूर्य. आता चालणाऱ्यांनी आणि सायकलवाल्यांनी ही एकच वाट गुण्यागोविंदानं वापरायची होती.

कागदावर ती वाट फार छान असणार. प्रत्यक्षात दहा पावलं गेलं की विजेचा डबा, पुढे कृष्णचूडा, म्हणजे आपला गुलमोहर, पुढे शहाळेवाला, त्याच्यापुढे चहाची टपरी आणि टपरीभोवती चहाचे मातीचे पेले हातात घेऊन उभं असलेलं अर्धं ऑफिस. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी वाट खाली उतरायची, पुन्हा वर चढायची, आणि तिथला गार्ड मला हात दाखवून थांबवायचा, कारण आतून कुणाची तरी गाडी येत असायची. रस्त्यावरून सरळ जात होते तेव्हा गेटातली गाडी माझ्यासाठी थांबायची. फुटपाथवर चढवल्याबरोबर थांबणारी मी झाले. याला म्हणे सायकलस्वारांची सुरक्षितता!

आणि चालणारे. बंगाली माणूस सकाळी फिरायला निघतो तो पाय मोकळे करायला नाही, तोंड मोकळं करायला निघतो, हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. आमच्या ब्लॉकातल्या फिरणाऱ्यांचे पुढारी होते सरखेलबाबू. आपल्याकडे पूर्वी आरमाराच्या प्रमुखाला सरखेल म्हणत. हेही कुठल्याशा सरकारी खात्यातले निवृत्त मोठे साहेब, आणि रोज सकाळी आपलं आरमार घेऊन निघत. एका ओळीत. आडवं. मागून घंटी वाजवली की सगळे थांबणार, मागे वळणार, कोण आहे ते नीट बघणार, मग एकमेकांना ‘सायकल, सायकल’ सांगणार, आणि मग निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे होता होता पुन्हा मध्ये एकत्र येणार. रागावून कोणी बोलत नसे. “आस्ते दीदी, आस्ते,” एवढंच. त्या ‘आस्ते’नं माझं डोकं जितकं फिरायचं तितकं शिवीनं फिरलं नसतं.

त्या दिवशी सरखेलबाबू एकटेच होते, म्हणून मी खूष झाले. एकटे म्हणजे कुत्र्यासकट. मी घंटी वाजवली. सरखेलबाबू सज्जन माणूस, चटकन डावीकडे झाले. कुत्रा आणखी सज्जन, तो उजवीकडे झाला. मध्ये पट्टा ताणला गेला आणि मी पट्ट्यासकट शहाळ्यांच्या ढिगात गेले. शहाळी सुटली, घरंगळत वाटेवर पसरली, त्यावरून आणखी दोन फिरणारे घसरून पडले. कुत्र्याला काही झालं नाही. त्यानं माझा डबा उघडून पोळीभाजी खाल्ली.

मी तशीच आडवी होते, गुडघ्याला कळ लागत होती, आणि माझ्या डोक्यावर गोल करून सहा-सात सभ्य गृहस्थ उभे होते. एक म्हणाले, “आर्निका. थर्टी.” दुसरे म्हणाले, “पडल्यावर थर्टी? टू हंड्रेड!” तिसऱ्यांचं मत, आर्निका नंतर, आधी रस टॉक्स. होमिओपॅथीचा वाद रंगला. कुणाच्या मेहुण्याला थर्टीनं गुण आला होता, कुणाच्या काकूला टू हंड्रेडनं. मला उठवायचं कुणाच्याच लक्षात येईना. शेवटी शहाळेवाल्यानं हात दिला आणि सरखेलबाबूंनी वाकून अत्यंत आदबीनं विचारलं, “मिसेस दाणी, या वयात सायकल कशाला?”

या वयात! गुडघ्याचं दुखणं चार दिवसांत गेलं, हे वाक्य गेलं नाही.

मधुकरनं लगेच जाहीर केलं, “आता मी सोडत जाईन तुला.” झालं. पुन्हा शेजारची सीट. पुन्हा सकाळी हॉर्न. त्याचं ऑफिस माझ्या आधी भरतं, म्हणून मी आमच्या ऑफिसच्या बंद दरवाज्यासमोर सफाईवाल्या बायकांबरोबर बसायची. संध्याकाळी त्याची मीटिंग लांबली की मी त्याच्या ऑफिसच्या लॉबीत, कुंडीशेजारी. तिथला गार्ड मला पाणी आणून द्यायचा, त्याला वाटायचं मी मुलाखतीला आलेय. सायकल बाल्कनीत उभी. तिच्यावर मधुकरनं ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली तेव्हा मात्र मी ठरवलं, आता बस. मला माझी पट्टी परत हवी आणि ती रस्त्यावर हवी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या लीना वहिनी म्हणाल्या, “अगं, इलेक्ट्रिक स्कूटी घे.” खालच्या मजल्यावरच्यांनी ट्रेडमिल घ्यायला सांगितलं, ट्रेडमिलवरून ऑफिसला कसं जायचं ते सांगितलं नाही. महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी प्रभाकरराव म्हणाले, “मंगलाताई, परप्रांतात आहोत आपण, कशाला वाकड्यात शिरता?” प्रभाकररावांचा जन्म इथला, शाळा इथली, बायको इथली, मराठी बोलताना क्रियापद येईपर्यंत आपण चहा करून आणावा. तरी ते परप्रांतात.

मी रजा टाकून रस्त्यांच्या ऑफिसात गेले. तिथं सुमितबाबू नावाचे इंजिनीअर भेटले. माणूस इतका गोड की भांडायची सोय नाही. आधी चहा मागवला, मग बिस्किटं, मग म्हणाले, “दीदी, लेन काढलेली नाही. लेन उन्नत केली आहे.”

“कुठे उन्नत?”

“फुटपाथ रस्त्याहून सहा इंच उंच असतो ना.”

मी म्हटलं, बरं, मग तिथं सायकली का दिसत नाहीत? त्यावर ते उत्साहानं पुढे सरसावले. नेमका तोच मुद्दा होता. त्यांच्या माणसानं सकाळी वाटेवर उभं राहून मोजदाद केली होती आणि सायकलस्वार जवळजवळ शून्य आले होते. पादचारी मात्र भरपूर.

“अहो, ते उतरून सायकल हातात धरून चालतात! जागाच नाही तर काय करतील?”

“हो, ते आहेत ना आमच्याकडे,” सुमितबाबू म्हणाले. “त्यांचा वेगळा रकाना केलाय. ‘सामानासह पादचारी’.”

मी बिस्कीट खाली ठेवलं. दुर्गापूजेनंतर एक शेवटची मोजदाद होणार होती. त्यातही सायकलस्वार दिसले नाहीत तर रस्त्यावरची हिरवी पट्टी खरवडून तिथं कायमचं पार्किंग आखणार होते. “तुम्ही शिष्टमंडळ का नाही आणत?” त्यांनीच सुचवलं. “अकरा वाजता आलात तर साहेब भेटतात.”

आता गंमत बघा. सायकलवर जाणारं माणूस म्हणजे कामाला जाणारं माणूस. नूपुर नावाची नर्स तिच्या नर्सिंग होममध्ये ड्यूटीला, सोसायट्यांचे गार्ड पाळीला, स्वयंपाकाच्या मावशी तीन घरं गाठायला. अकरा वाजता यांतलं कोण मोकळं? अकराला मोकळे असतात ते फक्त फिरणारे. सायकलवाल्यांचं शिष्टमंडळ म्हणून मी एकटीच जाऊन आले आणि साहेब फिरतीवर आहेत असं कळलं.

अशात गणपती आले. मंडळाचा गणपती आमच्या ब्लॉकच्या कम्युनिटी हॉलमध्ये बसतो, पाच दिवस. यंदा डेकोरेटरचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात सगळ्यांत बेधडक बंगाली मी बोलते. चांगलं नाही, बेधडक. मी मांडववाल्या गोराचाँदबाबूंच्या गोडाउनवर गेले. साठीचे गृहस्थ, कानावर पेन्सिल. त्यांना सांगितलं की छोटा मांडव, पाठीमागे पडदा, बाकी काही नको. त्यांनी एकच विचारलं, “पूजा ना?” मी म्हटलं, हो, पूजा. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

इथं आमची चूक झाली, आणि ती आमच्यासारख्यांकडूनच व्हायची. कोलकात्यात आयुष्य काढूनही आमच्या डोळ्यांसमोर गणपती म्हणजे वीस-पंचवीस घरं, आरती, मोदक, सतरंजीवर बसलेल्या आज्या. गोराचाँदबाबूंच्या डोळ्यांसमोर पूजा म्हणजे जनसागर. रांग नसलेली पूजा त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. आम्ही रांगेबद्दल बोललो नाही याचा अर्थ त्यांनी एवढाच घेतला, की ते सांगायची गरज नाही असं आम्हाला वाटलं असेल.

चतुर्थीच्या सकाळी उठून बाल्कनीत आले आणि बघतच राहिले. चौकापासून कम्युनिटी हॉलपर्यंत, सगळा रस्ताभर, कडेनं बांबूचा दुहेरी कठडा! दोऱ्यांनी पक्का बांधलेला, वर लाल-पिवळं कापड, मध्ये मध्ये बाण, हॉलपाशी ‘व्हीआयपी’ अशी पाटी. आणि ते सगळं नेमकं आमच्या हिरव्या पट्टीवर. गोराचाँदबाबूंना वाटलं, जागा आधीच रंगवून ठेवलीय, काय व्यवस्थित लोक आहेत! तिथं उभ्या असायच्या त्या गाड्या रात्रीतून गायब झाल्या होत्या. बांबूंनी भरलेला ट्रक उभा राहिला की गाडीवाले आपण होऊन गाडी हलवतात.

या शहराचं हे एक आहे. पांढऱ्या रेघेला इथं कुणी विचारत नाही. सिग्नलला निम्मं विचारतात. पोलिसाला ‘दादा, एक मिनिट’ म्हणतात. पण बांबू? मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब पूजेत बांबूच्या मागे मुकाट्यानं उभे राहतात आणि बॅज लावलेला कुणीही पोरगेलासा स्वयंसेवक ‘थांबा’ म्हणाला की थांबतात. इथं लहानपणापासून माणसाच्या अंगात बांबूचा धाक मुरलेला असतो.

प्रभाकररावांनी डोक्याला हात लावला. “मंगलाताई, हे... आपण... केवढं...” क्रियापद आलंच नाही. संध्याकाळी आणखी कहर झाला. एवढा कठडा आहे म्हणजे आत काहीतरी बघण्यासारखं असणार, असं ठरवून येणारे-जाणारे रांगेत शिरायला लागले. एस्प्लनेडहून खरेदी करून आलेले लोक पिशव्यांसकट दर्शनाला आले. आमच्या वीतभर गणपतीसमोर येऊन लोक विचारत, “थीम काय आहे?” मधुकर गंभीरपणे सांगायचा, “साधेपणा.” लोकांना फार आवडली. मोदक पहिल्या तासात संपले, दुसऱ्या दिवसापासून आम्ही साखरफुटाणे वाटले.

पण मला दिसत होतं ते वेगळंच. रांग संध्याकाळी असायची. सकाळी? सकाळी ती सगळी बांबूंच्या मधली लांबलचक वाट रिकामी! खाली हिरवा रंग, दोन्ही बाजूंना बांबू, ना गाडी, ना कुत्रा, ना सरखेल. मी बाल्कनीतल्या सायकलवरचे टॉवेल उचलून मधुकरच्या अंगावर टाकले, सायकल लिफ्टमध्ये घातली आणि गणपतीच्या रांगेतून थेट ऑफिसला गेले. काय गेले म्हणून सांगू! एकदाही पाय टेकला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यामागे नूपुर होती. तिच्यामागे दोन गार्ड. मग डिलिव्हरीवाले, मग स्वयंपाकाच्या मावशी पिशव्या हँडलला लटकवून. विसर्जनापर्यंत सकाळी आमची तिथं माळ लागायला लागली आणि फुटपाथवर एक सायकल उरली नाही.

विसर्जन झालं. प्रभाकररावांनी बांबू काढायला फोन केला, तर गोराचाँदबाबूंना त्या मागणीचा अर्थच कळेना. महिन्याभरात तिथंच दुर्गापूजा, तीही त्यांच्याकडेच. आज काढून पुन्हा तेच बांबू तिथंच पुरायचे? “माथा खाराप?” ते म्हणाले, म्हणजे डोकं फिरलंय का. दुर्गापूजेनंतर लक्ष्मीपूजा, मग कालीपूजा. बांबू राहिले. कुणी परवानगी विचारली नाही, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्या कुणाकडे तरी ती असणार. खुद्द पोलीसही जाताना एकदा बांबू हलवून पक्का आहे ना ते बघून गेले.

दुर्गापूजेनंतर मोजदाद करणारा माणूस आला. मी मुद्दाम ऑफिसला उशीर करून त्याच्याजवळ उभी राहिले. सायकलींची रांग बघून माझाच ऊर भरून येत होता. तो मात्र हाताची घडी घालून उभा. मोजेचना.

“दादा, मोजा ना.”

“उत्सवकाळ चाललाय, दीदी. पूजेच्या बांबूंच्या आतले सगळे भाविक धरायचे असतात.”

“अहो, ते कामाला चाललेत!”

“बांबूंच्या आत आहेत ना?” तो म्हणाला. बांबू निघाले की येईन, असं सांगून चहाला गेला.

बांबू निघाले की त्याच सकाळी गाड्या येणार, सगळे सायकलवाले पुन्हा फुटपाथवर, पुन्हा उतरून चालणार, आणि पुन्हा सामानासह पादचारी. मग पार्किंग. मग मी जन्मभर त्या लॉबीतल्या कुंडीशेजारी. त्या दिवशी मी जेवले नाही. मधुकरनं पहिल्यांदाच ‘पडलीस’ हा शब्द न काढता शेजारी बसून विचारलं, “मग आता काय करायचं?”

“उतरायचं नाही,” मी म्हटलं. बोलता बोलताच ते मला सुचलं.

दोन महिने एका रांगेतून जाऊन आमची सगळ्यांची तोंडओळख झाली होती. नूपुरनं नर्सिंग होमकडच्यांना सांगितलं, गार्डांनी गार्डांना, मी उरलेल्यांना: हळू चालवा, पाय टेकवा, कुणाला धक्का लावू नका, पण काय वाट्टेल ते झालं तरी सायकलवरून खाली उतरू नका. पाटीवर सायकलचं चित्र आहे. आपण कायद्यानं सायकलस्वार आहोत.

कालीपूजा झाली, बांबू निघाले, गाड्या आल्या. आणि सकाळी निळ्या पाटीच्या त्या वाटेवर आम्ही सगळे घुसलो. ट्रिंग! पुढे सरखेलबाबूंचं आरमार. ट्रिंग ट्रिंग! डावीकडे झाले तर डावीकडे गार्ड, उजवीकडे झाले तर नूपुर. गेटापाशी आम्ही सगळे पाय टेकवून उभे, मागे चौकापर्यंत खोळंबा, सोसायटीतली गाडी बाहेर पडू शकेना, गार्डच सायकलवर असल्यामुळे तिला वाट काढून द्यायला कोणी नाही. दोन महिने निवांत फिरायची सवय झालेल्या त्या बिचाऱ्यांचे हाल कुत्रा खाईना. खरं सांगते, मला गुदगुल्या होत होत्या. आणि कोपऱ्यावर तो मोजणारा माणूस, रुमालानं घाम पुसत, भराभरा मोजत होता. सायकलस्वार, सायकलस्वार, सायकलस्वार.

आठवडा असा गेला आणि रविवारी सरखेलबाबू आमच्या घरी आले, हातात संदेश मिठाईचा डबा. मधुकरनं त्यांना बसवलं.

“मिसेस दाणी, माझी सकाळ गेली,” ते म्हणाले.

“माझी एप्रिलमध्येच गेली होती.”

“तुम्ही पूर्वीसारखं उतरून का नाही चालत?”

“उतरलं की आम्ही सायकलस्वार राहत नाही. सामानासह पादचारी होतो.” मग मी त्यांना तो रकाना समजावून सांगितला.

त्यांचा चेहरा लाल झाला. सायकलींबद्दल त्यांना प्रेम नव्हतंच, पण असला रकाना सरकारी कागदावर? “कोणी केला हा?” ते उठून उभे राहिले. “सुमितनं? आमच्या सुमितनं? माझ्या हाताखाली शिकला तो!” तेव्हा मला कळलं की सरखेलबाबू कुठल्या खात्यातून निवृत्त झाले होते.

सोमवारी अकरा वाजता, जेव्हा साहेब भेटतात तेव्हा, सगळं आरमार रस्त्यांच्या ऑफिसात शिरलं. मीही रजा टाकून मागे होते. सुमितबाबू खुर्चीतून ताडकन उठले ते उभेच राहिले. सरखेलबाबू टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “चालणाऱ्यांना फुटपाथ, सायकलींना रस्ता. हे दोन्ही एकत्र करायची अक्कल कुणाची?”

सुमितबाबूंनी घसा साफ केला. “सर, योजना आपल्या वेळची आहे. आपणच मंजूर केली होती.”

मी छताकडे बघायला लागले. सरखेलबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तेव्हा मी चालायला जात नव्हतो,” ते म्हणाले.

मी त्या माणसाला तिथल्या तिथं सगळं माफ केलं, अगदी ‘या वयात’सुद्धा. मोजदादीचा कागद आला तर गाड्यांपेक्षा सायकलस्वार जास्त. सुमितबाबूंना, खरं तर, सुटकाच वाटली असावी. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. पार्किंग रद्द. सायकलची पट्टी परत रस्त्यावर, नवा हिरवा रंग, बाहेरच्या बाजूनं जाड पांढरी रेघ आणि रेघेवर खांब.

थंडीत रंगाऱ्यांची गाडी आली. सकाळी गाड्या एका बाजूला रोखल्या, सुमितबाबू हजर, फिरणारे फुटपाथवर ओळीनं उभे, हातात चहाचे मातीचे पेले. आणि काम सुरू होईना. रेघ आखायची दोरी मुकादम जयप्रकाश यांच्या पिशवीत होती आणि जयप्रकाश बहिणीच्या लग्नाला गावी, पिशवीसकट. फुटपाथची कड बघून आखावं, तर कृष्णचूड्याच्या मुळांनी ती जागोजागी फुगलेली. सुमितबाबू म्हणाले, आता पुढच्या महिन्यात बघू.

पुढच्या महिन्यात? इतकं करून? माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. नाशिकला शाळेच्या मैदानावर आम्ही खेळाच्या आधी फक्की मारायचो, चुन्याची पांढरी भुकटी ओतत रेघ ओढायचो. मी रंगाऱ्यांकडून चुन्याचं पोतं घेतलं, माझ्या कॅरियरला बांधलं, कोपऱ्याला भोक पाडलं आणि म्हटलं, “मी चालवते. माझ्या मागे जी रेघ पडेल ती रंगवा.”

सुमितबाबूंनी सरखेलबाबूंकडे बघितलं. सरखेलबाबूंनी मान हलवली. “जा, मिसेस दाणी. आस्ते जा.”

मी निघाले. सबंध रस्ता मोकळा, पाठीमागे पांढरी रेघ पडते आहे, डावीकडे अख्खा ब्लॉक टाळ्या वाजवतोय, पोरंटोरं मागे धावताहेत, नूपुर ओरडतेय, आणि उजवीकडे गाड्या अडवून ठेवलेल्या. मला वाटलं, आत्ता आईनं मला बघायला हवं होतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी मी हँडल सुतासारखं सरळ धरलं होतं. सरळ म्हणजे एकदम सरळ. टपरीपर्यंत सरळ, विजेच्या डब्यापर्यंत सरळ.

आणि तेवढ्यात अडवलेल्या गाड्यांतून एक काच खाली झाली आणि मधुकर सगळा न्यू टाउन ऐकेल अशा आवाजात ओरडला, “मंगला! पदर!”

मी खाली बघितलं. पदर खोचलेलाच होता. पण बघण्याच्या नादात हँडल डावीकडे गेलं, मी सावरलं, आणि पुन्हा सरळ निघाले ती थेट चौकापर्यंत.

रंगाऱ्यांना सांगितलं होतं रेघ पडेल तशी रंगवा, त्यांनी तशीच रंगवली. खांबही तसेच बसवले. सुमितबाबूंनी नकाशातसुद्धा ती तशीच दाखवली आहे. मधुकर म्हणतो, तेवढी जागा नीट करून घेऊ, मी ओळख काढतो. मी नाही म्हटलं. रोज सकाळी कामाला निघालेल्या नर्सा, गार्ड, मावशी, डिलिव्हरीवाले, आयटीवाले, सगळे त्या विजेच्या डब्यापाशी येतात आणि माझ्या नवऱ्याच्या एका ओरडण्याला मान देऊन किंचित डावीकडे वळतात.